मावशींचा डावा पाय

लग्न होऊन अमरावतीहून अकोल्याला आले तेव्हा माझी अशी समजूत होती, की देवाचं निम्मं काम माझ्यावाचून अडलंय. त्या भरात मी एका बाईचं नाव, तिला न विचारता, बरं होणाऱ्यांच्या रांगेत घातलं.

चर्चच्या मंडळीत सगळे त्यांना मावशी म्हणत. लहानपणच्या तापात डावा पाय वाळलेला. गुडघ्यावर हात दाबून एकेक पाऊल टाकायच्या. कुणी आधाराला हात पुढे केला की म्हणायच्या, "राहू दे व, रस्ता माह्या ओळखीचा हाये." हाताने फिरवायच्या मशीनवर त्यांनी अर्ध्या वस्तीची पोलकी शिवली. माझं एक घट्ट झालं, तर दोष पोलक्याला न देता माझ्या जेवणाला दिला.

रविवारी सर्वांसाठीची प्रार्थना मावशीच करायच्या. तुम्ही ऐकता तशी गोड नव्हे. देवाला सरळ जाब विचारायच्या, "दवाखान्यात डाक्टर नाई, पोराले नोकरी नाई, तू करून काय राहिला?" मी पडले शुद्ध मराठीवाल्या मास्तरांची लेक. डोळे मिटून शरमायचे. पण सगळ्यांत मोठं आमेन तिथेच उठायचं, ते मिटल्या डोळ्यांनाही कळायचं.

एका वर्षी बाहेरून उपदेशक आले. रोग बरे करण्याचं कृपादान त्यांना आहे, अशी ख्याती. मावशींना मी सांगितलं, गाण्यांचा कार्यक्रम आहे. रिक्षातून नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. पाय सरळ झाल्यावर मलाही दोन शब्द बोलायला सांगतील म्हणून लग्नातली साडी नेसले होते. हसा, मीही हसते.

नाव पुकारलं गेलं. मी दंडाला धरून मावशींना उठवलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, दंड सोडवला आणि आपल्या चालीने मंचापाशी गेल्या. उपदेशक माइकवर म्हणाले, "भगिनी, आज देव तुला पूर्ण करील."

"मी अर्धी हावो, असं तुमाले कोनं सांगतलं?"

उपदेशक समजुतीने म्हणाले, फक्त पायासाठी प्रार्थना करू. मावशींनी त्यांना विचारलं, तुमचा चष्मा अजून कसा उतरला नाही? मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "देवानं मले या पायासकट बलावलं. तुमी नुसत्या पायाले बलावता, मले नाई." आणि वळून परत आल्या.

मंडळीच्या कमिटीला हा मोठा अपमान वाटला. बाईत विश्वास नाही, माफी मागेपर्यंत रविवारची प्रार्थना त्यांनी करायची नाही, असं ठरलं. ती कुणाला दिली असेल? मला. मी आठवडाभर आरशासमोर पाठ केली.

रविवारी आमच्या धर्मगुरूंनी, पाळकांनी, माझं नाव घेतलं. मी उठले, तेवढ्यात मागच्या बाकावरून मावशीही उठल्या आणि कुणाला न विचारता सुरू झाल्या. आधी उपदेशकांसाठी मागितलं, प्रवासात त्यांना बरी जागा मिळो. मग कमिटीतल्या एकेकाचं नाव घेऊन त्यांच्या गुडघ्यांसाठी, मधुमेहासाठी, सुनांसाठी. पाळकांनी हात वर केला होता, तो हळूच खाली आला. मी बसून घेतलं. माझ्या सगळ्या प्रार्थनांत ती न केलेलीच बरी. शेवटी आमेन असं उठलं, की बाहेरची कबुतरं उडाली असतील. त्यांना थांबवायची छाती पुढे कुणाची झाली नाही.

आता मावशी नाहीत. कुणी गुळगुळीत प्रार्थना करू लागलं की माझे डोळे उघडतात आणि त्या मागच्या बाकाकडे जातात.

त्याच रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. मशीन चालूच होतं. माफी मागताना मला रडू फुटलं. कापडावर पाणी नको पाडू म्हणाल्या, दोरा तोडला, आणि मग म्हणाल्या:

"माह्यासाठी काई मागाचं असन, त आधी मले विचारजो. सरळ पाय नाई पायजे मले. चर्चच्या पायऱ्यायले कठडा पायजे. अन् थो देवाले नको मागू, कमिटीले माग."