काकीची जेंट्स सायकल

"थांब रे झिला, आदी आंगठो लावूंदे," असं म्हणून ती कुठल्याही वस्तूत अंगठा रुतवून बघायची. मग तो बांगडा असो, फणस असो, नाहीतर कापडाचं ठाण असो. आमच्या दुकानात ती पहिल्यांदा आली तेव्हा तिने तो अंगठा रुतवला सायकलच्या मागच्या टायरात, आणि मान हलवून म्हणाली, "ताजो आसा."

मालवणच्या बाजारपेठेत आमचं सायकलचं दुकान होतं. बाबा गल्ल्यावर बसत आणि मी मागे पान्हे, छरे आणि पंक्चरचं सोल्युशन घेऊन काळे हात करत असे. ती किनाऱ्यावरच्या वस्तीतली मासे विकणारी बाई. सगळा बाजार तिला काकी म्हणे, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. उंच, सडसडीत, आणि मान अशी ताठ की मागून कुणी हाक मारली तर नुसतं डोकं वळवणार नाही, अख्खी बाई वळणार. जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी वाहिली की मान अशी होते.

भल्या पहाटे रापणीवरून, म्हणजे किनाऱ्यावर दोरीने ओढलेल्या मोठ्या जाळ्यातून, मासळी घ्यायची, पाटी चुंबळीवर चढवायची आणि कुंभारमाठाची चढण चढून चौक्याच्या वाटेवरच्या वाड्यांमध्ये घरोघर विकायची, हा तिचा नेम. घरं ठरलेली होती. कुठल्या घरात सोमवार पाळतात, कुठली सून पोटुशी आहे, कुठल्या म्हातारीला दात नाहीत म्हणून मऊ मासळी लागते, हे तिला त्या त्या घरच्यांपेक्षा जास्त माहीत. त्या घरांना ती "माझी घरां" म्हणायची. जणू काही बांधून तिनेच दिली होती.

आणि त्या सुमारास सायकलवाले आले. मागच्या कॅरियरला पाटी बांधायची आणि सुसाट सुटायचं. त्यातला एक तर सायकलला रबरी भोंगा लावून वाडीत शिरायचा. त्याला आम्ही भोंगेवालाच म्हणायचो. तो आमच्याच दुकानाचं गिऱ्हाईक. काकी कुंभारमाठ चढून घामाघूम होऊन पोचायची, तर तिच्या घरांतून माशांच्या कढीचा वास यायला लागलेला असे.

"शेटानू," ती बाबांना म्हणाली, "ते मेले माझ्या आदी पोचतत. माका सायकल व्हयी. माझी घरां माका जावक देवची नाय हत."

बाबा चष्म्यावरून बघत राहिले. दुकानात बाबा पुस्तकी मराठी बोलत, गिऱ्हाईक जरा दबून राहावं म्हणून. "काकी, सायकल कोण चालवणार? मुलगा?"

"माका झील खंय? मीच चालवतलंय."

बाबा मला म्हणाले, "ती लेडीज सायकल काढ." मधला दांडा नसलेली, हँडलला जाळीदार टोपली असलेली एक सायकल आमच्याकडे कधीपासून धूळ खात पडली होती. कुठल्याशा मामलेदाराच्या मुलीसाठी मागवलेली, आणि मामलेदाराची बदली झालेली. ती खपवायची ही नामी संधी होती.

काकीने तिच्याकडे बघितलं. "ह्येचो दांडो खंय गेलो?"

"बायकांची सायकल आहे. साडी आडवी येऊ नये म्हणून दांडा नसतो."

"साडी आडवी येता ती पाचवारी नेसणाऱ्यांका," काकी म्हणाली आणि आपल्या काष्ट्यावर थाप मारली. "ह्यो काष्टो बघलास? ह्येच्यात मी माडार चडलंय. एक दांडो काय आडवो येतलो? दांडो नाय म्हणजे कणो नाय. बिनकण्याचा म्हावरा घेवन मी काय करू?"

तिचं म्हणणं खरंच होतं. वजन वाहायचं तर दांड्याची सायकल मजबूत, शिवाय थोडी स्वस्तही. मामलेदाराच्या मुलीची सायकल पुन्हा धुळीत गेली.

मग काकीने दुकान बघायला घेतलं. सगळ्यात पुढे एक विलायती सायकल टांगलेली होती. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि तिकडून एखादी विलायती वस्तू इकडे कशी येते हे विचारायची पद्धत नव्हती. निकेल असं चमकायचं की त्यात बघून भांग पाडावा. काकी जवळ गेली, वास घेतला, बोट फिरवलं.

"ह्येच्यार पाणी मारलानी काय रे?"

"नाही हो काकी, निकेल आहे."

"मी पण दुपारच्या म्हावऱ्यार पाणी मारतंय, चकचकूक. खाऱ्या वाऱ्यात ह्या किती दीस ऱ्हवतला?"

ऱ्हवणार नव्हतं. समुद्रावरच्या वाऱ्याने निकेल पहिल्याच वर्षी फोडासारखं उठतं, हे मला माहीत होतं आणि बाबांनाही. पण ते सांगायचं नसे. काकी दुसऱ्या टोकाला गेली. तिथे एक जुनी, रंग मारून नवी केलेली सायकल होती, भाव अगदी उतरलेला. तिने सीट उचलून खालच्या नळीत डोकावून पाहिलं, माशाचे कल्ले उघडून बघावेत तसं. "ह्या कालचा," म्हणाली आणि पुढे गेली.

शेवटी ती थांबली ती मधल्या एका देशी सायकलपाशी. काळी, जाड, दिसायला शेजारच्या गुरुजींसारखी. ना स्वस्त, ना महाग. अंगठा लावून झाला. मग काकीने मासा साफ करावा तशी ती सायकल साफ केली. "ह्यो दिवो काढ. मी काळोखात थोडीच फिरतंय? घंटी काढ. माझी हाक घंटीपेक्षा मोठी." आणि उरलेल्या पैशांत तिने मागितलं काय? पूर्ण झाकणारं चेनकव्हर, काष्टा अडकू नये म्हणून. जाड टायर. आणि दुप्पट मजबूत कॅरियर. सायकलींच्या धंद्यात माझे केस पिकले. मधल्या खिशाच्या गिऱ्हाइकाला मी आजही हाच सल्ला देतो, फक्त काष्ट्याचा उल्लेख टाळतो.

आता भावाची गोष्ट. आमच्याकडे एकच भाव असे, आणि बाबांना त्याचा फार अभिमान. काकीने निम्मा भाव सांगितला. बाबा म्हणाले, "काकी, हा काय मासळीबाजार आहे?"

"तर मगे! तुमची बायल माझ्या बांगड्याक निम्मोच भाव सांगता. मी कदी म्हटलंय, ह्या काय सायकलीचा दुकान आसा?"

मग ती हळहळली, मग उठून दारापर्यंत गेली, मग परत आली, मग म्हणाली की पलीकडच्या दुकानात स्वस्त मिळते. पलीकडे दुकान नव्हतंच. मला कळेना हा प्रकार ओळखीचा का वाटतोय; मग लक्षात आलं, माझी आई रोज सकाळी आमच्या ओट्यावर काकीशी हेच करते. काकी वर्षानुवर्षं सोसलेल्या गिऱ्हाइकांचे सगळे डाव एका बैठकीत आमच्यावर खेळत होती, आणि तिला त्यात अतोनात आनंद होत होता. सौदा ठरला तेव्हा बाबा पार घामेजले होते. वर ती हात पुढे करून म्हणाली, "आता वर काय घालतास?"

"वर?"

"तुमका मी दोन बांगडे वर घालतंय नाय रोज?"

बाबांनी पंप घातला. "घे आणि जा गो बाये," ते म्हणाले, चक्क मालवणीत. दुकानात मालवणी बोललेले बाबा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

विकत घेणं सोपं होतं. शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ओहोटीला किनाऱ्यावरची वाळू कडक होते, तिथे आम्ही जायचो. मी मागून सीट धरायचो, काकी दांड्यावरून टांग टाकायची, आणि चार हात गेलं की धप्प! उजवीकडे पडायची, डावीकडे पडायची, एकदा तर समुद्रात गेली. रापणीवरचे लोक दोरी सोडून हसायचे. त्यांत तिचा नवराही होता. ती उठून आधी त्याला शिव्या द्यायची, मग सायकलला, मग मला. पण कपड्यांची वाळू झाडून पुन्हा चढायची. मला वाटलं, हे काही जमायचं नाही. इतकं पडणारं माणूस मी बघितलं नव्हतं. एका संध्याकाळी ती वाळूतच बसून राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "झिला, ह्या माका जमला नाय तर माझी घरां गेली मरे." तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती थेट विक्री आटपून आली. पाटीत थोडी मासळी उरली होती. खाली ठेवावी तर कुत्री टपलेली आणि वर घारी. "ऱ्हवांदे डोक्यार," म्हणाली आणि पाटीसकट सीटवर बसली. मी म्हटलं, आज मासळीही वाळूत जाणार.

तर काकी सरळ निघाली! ओळंबा धरल्यासारखी सरळ. मी धावत होतो, मग हात सोडला, मग धावायचाही थांबलो. ती आपली पार खडकांपर्यंत गेली, अख्खी वळली, आणि परत आली. रापणीवरचं हसणं बंद झालं. जन्मभर डोक्यावरच्या वजनाने तिला तोललं होतं. रिकाम्या डोक्याने तिला तोल कसा तो माहीतच नव्हता.

त्यानंतर मालवणने ते दृश्य रोज पाहिलं. नऊवारी काष्टा, काळी जेंट्स सायकल, डोक्यावर मासळीची पाटी, एक हात हँडलला आणि एक पाटीला. पोलीससुद्धा बाजूला होत. आणि ते दुप्पट मजबूत कॅरियर? रिकामं.

मी तिला चिडवलं, "काकी, मग कॅरियर कशाला घेतलंत भांडून?"

"येताना भात खंय घालू, तुझ्या बापाशीच्या टकलार?" ती म्हणाली. सुगीच्या दिवसांत वाड्यांवरच्या बायका मासळीच्या बदल्यात भात देत, कधी कुळीथ, कधी लाल भोपळा. ते सगळं कॅरियरवर बसून मालवणला यायचं.

कुंभारमाठाच्या चढणीला सायकलवाले उतरून धापा टाकायचे. काकीला ती चढण वजन घेऊन चढायची सवयच होती. ती सायकल ढकलत त्यांच्या बाजूने निघून जायची आणि वर पोचली की टांग टाकायची. भोंगेवाला आमच्याकडे येऊन कुरकुरायचा, "ब्रेक धरतत काय रे माझे? ती बायलमाणूस माझ्या फुडे जाता!" ब्रेक उत्तम होते.

त्याने एकदा भाव पाडून तिची घरं फोडायचा प्रयत्नही केला. एका घरच्या बाईने मोहात पडून त्याचे सौंदाळे घेतले, आणि काकीची हाक ऐकून तवा झाकणासकट माळ्यावर लपवला. काकी दारातच थांबली, नाक वर केलं आणि म्हणाली, "सौंदाळे थंड होतत गो. उतरय ते. उद्या माझे घे." ना राग, ना भांडण. ती बाई मला कितीतरी वर्षांनी हे सांगताना लाजेने लाल झाली होती. म्हणाली, त्यानंतर भोंगा वाजला की मी दारच लावून घ्यायची.

अशी किती वर्षं गेली मी मोजली नाहीत. गोवा मोकळा झाला, बर्फाच्या लॉऱ्या येऊ लागल्या, बाबांच्या जागी गल्ल्यावर मी बसू लागलो. काकीचे केस पांढरे झाले, पण मान तशीच ताठ. दर काही महिन्यांनी ती टायर दाखवायला यायची आणि नव्या टायरात अंगठा रुतवायची.

एका थंडीत तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. आम्ही सगळे पोचवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगेवाला दुकानासमोर येऊन उतरला. मागे पाटी शिगोशीग भरलेली. एवढ्या उशिरा त्याची पाटी भरलेली मी कधी बघितली नव्हती.

"पंक्चर?" मी विचारलं.

"पंक्चर खंयचा! तुका सांगतंय काय, आज मुद्दाम जास्ती म्हावरा घेतलंय. म्हटलंय, आता तिची सगळी घरां माझी. पयल्या घराकडे गेलंय. ती बाय भायर इली, म्हणता, आज नको. दुसऱ्याकडे, आज नको. म्हटलंय, भाव कमी करतंय. तर म्हणता, भावाचा नाय, आमका सुतक आसा."

"कुणाचं सुतक?"

"मी पण ह्याच इचारलंय. कोण गेला गो तुमच्यातला? म्हणता, काकी गेली. सकाळच्या एस्टीन खबर इली." तो रागाने बोलत होता, पण आवाज धड राहत नव्हता. "अख्खी वाडी, रे. एका घरान मासळी घेवक नाय. धा दीस घेवचे नाय हत. नात्याची नाय, गोताची नाय, आणि धा दीस!"

सायकल घ्यायला आली तेव्हा काकी म्हणाली होती की माझी घरं मला जायला द्यायची नाहीत. आणि स्वतः गेल्यावरही तिने ती घरं जाऊ दिली नव्हती.

भोंगेवाल्याने सायकल स्टँडला लावली. "मी पण इतकी वर्सां त्याच दारांका जातंय," तो म्हणाला. "उद्या मी मेलंय तर माझ्यासाठी एक जेवण तरी कोण म्हावऱ्याशिवाय जेवात काय रे?"

मी त्याला स्टूल दिलं. तो बसला, आणि भर बाजारात, त्या भरलेल्या पाटीशेजारी, काकीसाठी रडायला लागला.