आईकडचा सोमवार

इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा मी तरुण होते, आणि विधवा. वडील गावच्या शाळेत मास्तर. नवरा गेल्यावर त्यांनीच मला पुण्याला शिकायला धाडलं. माझं शिक्षण पुरं झालं आणि ते गेले. मागे लोणी भापकरला आई एकटी राहिली. तिला म्हटलं, माझ्याबरोबर चल. ती म्हणाली, "माझा म्हादेव हितं हाय. त्याला सोडून तितं मी काय करू?"

आईचा महादेव म्हणजे गावचं दगडी देऊळ आणि त्याच्यासमोरचं कुंड. श्रावणातल्या सोमवारी आम्ही मायलेकी उजाडायच्या आत तिथे जायचो. ती पायऱ्या उतरून तांब्या भरायची, मी वर बसून बेलाची पानं निवडायचे. दिवसभर उपास, आणि संध्याकाळी दोघींचं एका ताटात जेवण. माहेर म्हटलं की मला घर आठवत नाही. कुंडाच्या पाण्यात भिजलेला तिचा पदर आठवतो.

इंदापुरात हे सगळं सुटलं. साऱ्या तालुक्यात शिकलेली नर्स मी एकटीच होते. दवाखान्यासमोर बैलगाडी थांबली की कोण आलंय हे न विचारता मी पिशवी उचलायची. काम मला आवडत होतं. मूल रडलं की बाहेर बसलेल्या माणसांचे चेहरे बदलायचे, ते पाहून शीण जायचा. पण जेवण उभ्याउभ्या, झोप गाडीत. सुरुवातीला खोलीतल्या देवापुढे रोज दिवा लावत होते. मग फक्त सोमवारी लावू लागले. पुढे सोमवार होऊन गेल्याचं मंगळवारी ध्यानात यायला लागलं. कधी हात जोडलेच, तरी मनात कुणाच्या तरी कळांचा विचार चालू असायचा.

दोन श्रावण असेच गेले. तिसऱ्या श्रावणात गावचा एक माणूस बाजाराला आला होता, त्याच्याबरोबर आईनं निरोप पाठवला. "म्हातारीला आता कमी दिसतंय," तो म्हणाला. "पायऱ्या उतराय भ्या वाटतं म्हनती. पोरगी आली तर उतरीन, न्हाय तर वरनंच हात जोडीन, आसं सांगितलंय."

मी डॉक्टरांकडे जाऊन रजा मागितली. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांच्याही मागे काम लागलेलं. जरा विचार करून म्हणाले, "सोमवार-मंगळवार जा. त्याआधी कुणी अडली तर मात्र तिथं जावं लागेल."

रविवारी सकाळीच अंथुर्ण्याहून गाडी आली. पहिलटकरीण होती, आदल्या दिवसापासून अडलेली. तिथली सुईण मला ठाऊक होती. मी आल्यापासून गावातली बाळंतपणं तिच्या हातून निसटत चालली होती, म्हणून ती माझ्याशी कधी धड बोलत नसे. मीही तिला कात्री उकळायला सांगण्यापलीकडे बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र दोघींना एकमेकींची गरज पडली. ती पोरीला पाठीमागून धरून बसली, मी पुढे. दिवेलागणीला मुलगी झाली. बाळ चांगलं होतं, पण आईच्या अंगावरून रक्त फार गेलं होतं. ते थांबलं तेव्हा मी हात धुवायला उठले, आणि परसात तशीच खाली बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

सुईण गुळाचं पाणी घेऊन आली. मी पीत असताना ती शेजारी टेकली.

"सकाळपासनं पोटात काय न्हाय व्हय?"

"नाही."

"उद्या सोमवार. उपास धरनार आसाल?"

मी म्हटलं, "उद्या आईकडे जायचं होतं. आता हिला सोडून कशी जाऊ?"

"आई कुठं आसती?"

मी सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं, पायऱ्यांचंही सांगितलं. कुणाला इतकं सांगितल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी हितं बसते. काय बघायचं त्ये सांगा. उलटं दिसलं तर घरच्यास्नी गाडी जुपाय लावते, डाक्टरला आनते. तुमी जावा."

रात्र आम्ही दोघींनी बाळंतिणीपाशी काढली. सकाळी तिची नाडी नीट लागत होती, तिनं पेज घेतली. काय बघायचं, केव्हा माणूस धाडायचा ते मी सुईणीला समजावलं, आणि तिनं ते मला परत म्हणून दाखवलं. मग मी रस्त्यावर येऊन बारामतीकडे जाणारी मोटार पकडली. मोटार सुटेपर्यंत दोनदा वाटलं, उतरावं.

लोणीला पोचले तेव्हा दुपार कलली होती. घराला कडी होती. देवळात गेले. आई कुंडाच्या वरच्या पायरीवर, शेजारी रिकामा तांब्या ठेवून बसली होती. मी हाक मारली तसा तिनं आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला आणि माझा चेहरा चाचपला.

"किती वाळलीयास गं," ती म्हणाली. "लोकाच्या पोरी बाळंत करतीस, आन् सवताला बघाय कोन न्हाय."

मी तिला हात धरून खाली उतरवलं. तिनं पाण्यात पाय सोडले. आम्ही तिथे बराच वेळ होतो. मी महादेवाजवळ काही मागितलं नाही. खूप दिवसांनी डोकं रिकामं झालं होतं, एवढंच पुरेसं वाटलं.

मंगळवारी परतीच्या वाटेवर अंथुर्ण्याला उतरले. बाळंतीण भिंतीला टेकून बसली होती आणि सुईण बाळाला शेक देत होती. त्यानंतर तिला मी आजी म्हणू लागले. तिकडची सोपी बाळंतपणं तिच्या हाती सोपवू लागले. कात्री उकळली का, हे मी विचारायच्या आधीच ती सांगायची. सकाळी दार उघडण्याआधी दिवा लावून घटकाभर बसायचं, गाडी उभी असली तरी, हेही मी तेव्हापासून धरलं. कुणाचं काही अडलं नाही.

पुढच्या श्रावणात पुन्हा आईकडे गेले. त्याच्या पुढच्या श्रावणात इंदापुरातच एकीचं मूल पायाळू आलं, जाता आलं नाही. ते मूल जगलं. आई त्या हिवाळ्यात गेली.

बारामतीच्या दवाखान्यात बदली मिळावी म्हणून मी केव्हाचा अर्ज करून ठेवला होता, लोणी तिथून जवळ म्हणून. आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात ती बदली मिळाली. आता सोमवारी सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येत होतं. मी जात असे. कुंडावर गावच्या बाया असायच्या, मास्तरांची लेक म्हणून सरकून जागा द्यायच्या. घराकडे मात्र मी वळत नसे. देवळातून थेट रस्त्याला लागायची.