शेवटचा स्कोन

आमच्या गावात चहाघर एकच, म्युरियल लस्कमचं. नवरा गेल्यावर तिने बैठकीच्या खोलीत सहा टेबलं मांडली आणि तीस वर्षं एकटीने चालवली. चहाबरोबर खायचा छोटा मऊ पाव म्हणजे स्कोन; कालचा स्कोन ती आज कुणाला देणार नाही. उरला तर कोंबड्यांना. बाई हट्टी आणि फटकळ, म्हणूनच माझं तिचं जमतं. ध्यास एकच: आमच्या डेव्हन परगण्यातल्या सर्वोत्तम चहाघराची पाटी आपल्या दारावर लागावी. दर वर्षी ती पाटी शेजारच्या गावची बेरिल पळवते! परीक्षक न सांगता येतात, गिऱ्हाईक बनून.

त्या गुरुवारी पायी भटकणाऱ्यांची एक टोळी आली आणि सगळं फस्त करून गेली. माझ्या आणि म्हाताऱ्या पर्सी एंडकटच्या बशीत तेवढा एक स्कोन उरला. शेवटचा उचलायचा म्हणजे हावरटपणा, त्यामुळे आमचं आपलं चाललेलं.

"घे ना तू," पर्सी म्हणाला.

"छे, पोट तुडुंब भरलंय माझं." धडधडीत खोटं!

तेवढ्यात एक अनोळखी बाई आली. चहा आणि स्कोन मागितला. किटली येताच तिने झाकण उचललं आणि आत खरी पत्ती आहे की नुसती कागदी पुडी, ते वाकून बघितलं. म्युरियल पांढरीफटक. धावत आमच्याकडे आली.

"परीक्षकच आहे गं! आणि एक स्कोन नाही घरात!"

"हा ने की," पर्सी म्हणाला. "हात नाही लावलेला कुणी."

"तुमच्या बशीतला?"

"खरं सांगून टाक," मी म्हटलं. "चल, पळ!"

तिने बशी नेली, सगळं सांगितलं. बाई हसली आणि एकदम संकोचली. "शेवटचा? मग नको हो. यांनीच घ्यावा."

पर्सी उठून उभा. "छे छे, तुम्हीच घ्या."

"नाही, खरंच नको."

घ्या! परीक्षकही आमच्यातलीच निघाली. माझा संयम संपला. "अहो बाई, खा एकदाचा! चहा गार होतोय!"

ती लाजली. आधी साय, वर जॅम, अगदी डेव्हनच्या रीतीने. एक घास, दुसरा घास. म्युरियल दारात एप्रन पिळत उभी. बाईने बशीतला चुराही बोटाने टिपून खाल्ला, तेव्हा पर्सीने टेबलाखालून माझ्या पायाला ढोसलं.

सोमवारी म्युरियलची किंकाळी मला कुंपणापलीकडून ऐकू आली. पाटी मिळाल्याचा फोन आला होता! पर्सी सपाता घालूनच धावत आला आणि त्याने तिला उचलून गरागरा फिरवलं, या वयात! पुन्हा फोन वाजला. बेरिलचा. शनिवारी एक टेबल हवं म्हणे.

"एकटी कशाला येतेस?" म्युरियल फोनात ओरडली. "अख्खं गाव घेऊन ये!"