कवितेला स्थळ बघणारे मामेसासरे

जगात एकटं असं काही राहू नये, एवढ्यासाठी देवानं एक माणूस भोकरदनला नेमून ठेवला आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. जावई सासरच्या माणसाबद्दल बोलतोय म्हटल्यावर तुम्ही निम्मं सोडून द्याल. खुशाल सोडा, उरलेलं निम्मंही पुरून उरेल. घरची कापसाची शेती धाकट्या भावानं सांभाळली आणि मामांनी अख्ख्या तालुक्यातली उपवर पोरं-पोरी सांभाळली. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला कंडक्टर तिकीट विचारायच्या आत मामा विचारतात, "घरात लग्नाचं कोण आहे?" मांडवाबाहेर नुसती एक चप्पल दिसली तरी हे पंगतीतून उठून दुसरी हुडकत फिरतात. मामी म्हणते, "ह्यांना आभाळातला चंद्र बी बघवत न्हाई, एकटा आहे म्हणून."

असा हा माणूस साठीनंतर एकदम साहित्य, चित्रकला आणि संगीताच्या मागे लागला. झालं असं, की त्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी संभाजीनगरला कॉम्प्युटरचं शिकून घरी आली आणि तिनं इंटरनेटवर एक मासिक सुरू केलं. आजच्या पोरापोरींच्या कविता, चित्रं, त्यांनीच केलेलं संगीत, सगळं मोबाईलवर आणि फुकट. मामांनी एकदा तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि कळवळले. "अगं, कविता इकडं, चित्र तिकडं, गाणं तिसरीकडंच! एवढी लग्नाजोगती लेकरं, अन् कुणी बघून न्हाई राह्यलं त्यांच्याकडं?" त्या दिवसापासून मामा संपादक झाले, मासिकाचं नाव 'जुळणी' झालं आणि नियम ठरला, की कुठलीही कविता एकटी छापायची नाही. कविता नवरी, चित्र नवरदेव, आणि संगीत म्हणजे वाजंत्री. तिघांचं जमलं तरच पान निघणार. अश्विनीनं कपाळाला हात लावला, पण पानं ती इतकी देखणी करायची की पुण्या-मुंबईची माणसंसुद्धा वाचू लागली.

आता जुळवायचं म्हणजे पाहणी आली. ई-मेलवर आलेल्या चित्राला मामा चित्रच मानत नाहीत. "फोटो बघून कुणी पोरगी देतं का, जावाई?" म्हणत त्यांनी मला एकदा बँकेतून रजा काढायला लावून थेट आष्टीला नेलं. तिथल्या एका ड्रॉइंग मास्तरांनी मोठं लालभडक चित्र काढलं होतं. त्यात माणूस, झाड, घर काही नव्हतं, नुसता लाल रंग खवळलेला. मामा बाजेवर मांडी घालून बसले, पोहे खाल्ले, आणि म्हणाले, "जरा चालवून दाखवा." मास्तर बिचारे चित्र छातीशी धरून अंगणापासून ओसरीपर्यंत चालले. मग चौकशी सुरू. घराण्यात आधी कुणी चित्रकार होतं का? रंग उडायचा आजार तर नाही ना? शेवटी मामांनी आपल्या पक्षाची बाजू मांडली. "आमची कविता गुणाची आहे. शेवटच्या ओळीत थोडी लंगडती, खोटं कशाला बोलू? पण सांभाळून घेणारं चित्र मिळालं तर बिलकुल नांदंल." मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांच्या चित्राकडे इतका वेळ कुणी पाहिलंच नव्हतं.

आणि जमलं की मग मामांना धीर धरवत नाही! मी काउंटरवर नोटा मोजतोय, समोर रांग, आणि फोन ओरडतोय, "जावाई, जमलं! बोलणी झाली! परतूरच्या पोरानं कापसाच्या जिनिंग मिलच्या आवाजाचं संगीत केलंय, अन् ते आपल्या गप्प राहणाऱ्या कवितेला बराबर बसून राह्यलं! जल्दी ऐका!" मी ऐकलं. पलीकडं मामीनं आतून विचारलेलंही ऐकलं, "गिरणी कुणी चालू केली?" पान निघालं की पहिलं आमंत्रण राजूरच्या गणपतीला. मामा भर चतुर्थीच्या गर्दीत गाभाऱ्यासमोर मोबाईल उंच धरून देवाला कविता दाखवतात, आणि मागची रांग बोंबलते, "ओ काका, दर्शन घ्या अन् सरका की!" कविता परत करायची पद्धतही स्थळ नाकारल्यासारखीच. वाईट कवितेला ते वाईट म्हणत नाहीत. कवीच्या घरी जाऊन, चहा पिऊन, गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "कवितेत काही खोट न्हाई हो. योग न्हाई." तालुक्यातले निम्मे कवी अजून योगाची वाट बघून राह्यलेत.

फक्त एकदाच मामांनी अश्विनीशिवाय पान काढलं. ती मैत्रिणीच्या लग्नाला गेली होती आणि मामांना धीर निघेना. त्यांनी कवितेच्या जागी चुकून एका मुलीचा लग्नाचा बायोडाटा चढवला! रंग गव्हाळ, उंची पाच-तीन, विहीर बागायत, अपेक्षा निर्व्यसनी. खाली आष्टीचं लाल चित्र. संध्याकाळपर्यंत पुण्याच्या एका जाणत्या वाचकानं लिहिलं, 'स्त्रीच्या आयुष्याचं इतकं कोरडं आणि इतकं भेदक दर्शन अलीकडे घडलं नव्हतं.' मुलीचे वडील भांडायला म्हणून आले आणि तेवढ्यात फोनवर स्थळं यायला लागल्यामुळे पेढे देऊन गेले. अश्विनीनं परत येऊन तिथं मूळची कविता बसवली, पण मामा घाबरले ते घाबरलेच. पान काढायला म्हणून लॅपटॉपला त्यांनी पुढं कैक दिवस बोट लावलं नाही.

इथंच खरी गोम होती. अश्विनीचं लग्नाचं वय झालं होतं, आणि जगाची लग्नं जुळवणारा हा माणूस घरात आलेलं एकूण एक स्थळ मोडत होता. युक्ती ठरलेली. मुलाच्या मांडीवर लॅपटॉप ठेवायचा, 'जुळणी'चं पान उघडायचं आणि विचारायचं, "कसं वाटलं?" मुलगा बिचारा एक नजर टाकून म्हणणार, "छान आहे काका." झालं, स्थळ बाद! "ज्याला सगळंच छान दिसतं त्याला काहीच दिसत न्हाई." मामी एकदा भडकून म्हणाली, "पोरीला सासरी पाठवायचंय का अंकात छापायचंय?" मामा लॅपटॉप मिटून ओसरीवर जाऊन बसले. पोरगी गेली तर घर रिकामं होणार आणि मासिकही बंद पडणार, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही. ते तोंडानं म्हणत कुणीच नव्हतं. अश्विनीच्या जिवाची घालमेल मात्र मला दिसायची.

मग जालन्याचं ते स्थळ आलं. मुलगा नाशिकला कारखान्यात तपासणी खात्यात, बनून आलेला माल बघायचा आणि खोट दिसली की परत पाठवायचा, हे त्याचं काम. मामांनी नेहमीप्रमाणे लॅपटॉप पुढं केला, त्या दिवशी आष्टीच्या लाल चित्राचं पान उघडून. मुलगा बघत बसला. पुन्हा वरपासून बघितलं, कान लावून ऐकलं. चहावर साय आली. त्याच्या वडिलांनी त्याला दोनदा कोपरानं ढोसलं. शेवटी तो म्हणाला, "काका, राग मानू नका. ही जोडी न्हाई जमली."

अहो, मामांच्या जोडीला न जमलेली म्हणणारा माणूस भोकरदन तालुक्यानं पाहिला नव्हता. पोरगा शांतपणे पुढं म्हणाला, "चित्र लई मोठ्यानं बोलून राह्यलं. कविता हळू बोलती. तिचं ऐकूच येईना."

मामा लालबुंद होऊन लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेले. काही भलतं व्हायला नको म्हणून मी मागोमाग गेलो. बघतो तर मामा पलंगावर बसून ते पान न्याहाळत होते. दारात अश्विनी उभी होती. ती म्हणाली, "पप्पा, मी बी तुम्हाला तेव्हा हेच म्हणल्ते. तुम्ही ऐकलं न्हाई." आणि मग खाली न बघता, सरळ त्यांच्याकडे बघत, "मला हे स्थळ पसंत आहे."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. इतका हरलेला आणि इतका खूश झालेला चेहरा मी दुसरा पाहिलेला नाही. "जावाई," ते म्हणाले, "पोरगा बराबर बोलला. आता याच्यात काय खोट काढू, तुम्हीच सांगा." मामांनी डोळे पुसले, बाहेर गेले आणि मुलाच्या वडिलांना कडकडून मिठी मारली. 'जुळणी'च्या इतिहासातला एकमेव काडीमोड त्याच दुपारी झाला. लाल चित्र पानावरून उतरवलं आणि आष्टीच्या मास्तरांना मामांनी स्वतः फोन करून सांगितलं, "चित्रात खोट न्हाई हो..."

लग्न धडाक्यात झालं. शेकडो पोरींची पाठवणी कोरड्या डोळ्यांनी करणारे, "चला चला, गाडीत सामान घ्या" म्हणून ओरडणारे मामा त्या दिवशी मंडपाच्या मागं जाऊन लहान पोरासारखे रडले. मीही रडलो, उगाच कशाला लपवू?

परवा कामासाठी भोकरदनला गेल्तो, तेव्हा वाटेत घरी डोकावलो. मामा ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. अश्विनीनं जाण्याआधी त्यांना सगळं शिकवलं होतं म्हणे, पण यांना काही येत नसणार, असं धरून मी शेजारी बसलो. आणि काय सांगू, मामांनी चष्मा नाकावर ओढला, कविता चढवली, शेजारी एक फिकट निळं चित्र बसवलं, खाली बासरी जोडली. टकाटक! पान जगासमोर गेलंसुद्धा. मी शाबासकी द्यायला तोंड उघडणार, तोच त्यांनी मला हातानं गप्प केलं आणि फोन लावला.

"अगं अशू, ते चित्र काही केल्या चढून न्हाई राह्यलं बघ. कसं करायचं, सांग बरं जरा."

पलीकडे माऊसची टिकटिक ऐकू आली. नाशिकला तिच्यासमोरही ते पान नुकतंच उघडलं असणार, निळ्या चित्रासकट.

"बरं पप्पा," ती म्हणाली. "आधी लॅपटॉप चालू करा. केला? मंग आता मी सांगते तसं हळूहळू करा."

"हां, सांग," मामा म्हणाले, आणि डोळे मिटून ऐकत बसले.