शेवटची जुनी विनंती

ऑफिसात तिला सगळे आडकाठीताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिचं कामच तसं होतं. कंपनीच्या प्रोग्रामकडून बाहेरचे शेकडो प्रोग्राम औषधांच्या साठ्याची माहिती मागवत. ती मागवायची ठरलेली पद्धत म्हणजे एपीआय. टीममधली मंडळी आतला कोड रोज नव्याने लावत, आणि जुन्या पद्धतीने विचारणाऱ्याला पूर्वीसारखंच उत्तर मिळतंय ना, हे ती तपासायची. नसेल मिळत तर बदल अडवायची. त्यामुळे चहाला जाताना तिला कुणी हाक मारत नसे. नवऱ्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. घरीही बोलायला कुणी नव्हतं.

एका सोमवारी टीमप्रमुखाने औषधांच्या मुदतीच्या तारखा पाठवायची जुनी पद्धत काढून टाकायची ठरवली.

"ताई, सगळ्यांना कळवून दोन वर्षं झाली. आता कोण वापरतंय?"

तिने नोंदी चाळल्या. "एक जण. रोज सकाळी साडेआठला एकच विनंती येते."

"एकासाठी किती थांबायचं?"

"महिनाभर द्या मला."

विनंती एका लहानशा दवाखान्यातून येत होती. तिने फोन लावला. तिथले म्हातारे फार्मासिस्ट म्हणाले, "प्रोग्राम माझ्या मुलीने लिहून दिला होता. ती गेली. तेव्हापासून मी त्याला हात लावला नाही."

तिने वही पुढे ओढली. मग म्हणाली, "चारच ओळी बदलायच्यात. मी सांगते तसं करा."

रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती फोन करू लागली. त्या चार ओळी सापडाव्यात म्हणून ते सगळा प्रोग्राम एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवत. एकदा ते अडखळले.

"इथे तिने लिहिलंय, 'बाबा, ही ओळ पुसू नका.'"

"मग नाही पुसायची," ती म्हणाली. "पुढे खूण टाकून त्या ओळीचं काम बंद करू, पण ओळ राहू दे तिथेच. नवी खाली लिहू."

तीन आठवड्यांनी जुन्या विनंत्या थांबल्या. तिने बदलाला मंजुरी दिली. "सुटलो बुवा," टीमप्रमुख म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत तिने पुन्हा तो नंबर लावला.

"तारखा बरोबर दिसतात ना?"

"दिसतात की. काही झालंय का?"

"नाही, सहज विचारलं."

पलीकडे कुणीतरी गोळ्या मागत होतं.

"बरं, ठेवते मग," ती म्हणाली, आणि तपासायला आलेला नवा बदल तिने उघडला.