आधी कोण मरणार

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि आमच्या घरात दुपारची जेवणं उरकली की खून सुरू होतात. टीव्हीवर. तोच मुखवटेवाला, तोच सुरा, तेच जंगलातलं घर आणि सुट्टीला आलेली तीच पाचसहा पोरं. हिंदीत डब केलेले हे पिक्चर आईबाबांना फार आवडतात. बोर्लीच्या बाजारात मासळी विकताना भल्याभल्यांना गप्प करणारी माझी आई, सुरा दिसला की बाबांचा दंड धरते.

आधी कोण मरणार यावर दोघांची पैज असते. हरेल त्यानं चहा करायचा. चहा बहुतेक बाबाच करतात, कारण जी पोरगी रडते तिची त्यांना दया येते आणि ती जगणार असं ते सांगून बसतात, आणि नेमकी तीच आधी मरते.

मी पनवेलला नोकरी करते, सुट्टीला घरी येते. या पिक्चरांमागे समाजाची कसली भीती दडलेली असते, हे मी एकदा समजावायला गेले. आई म्हणाली, "गप बस गं, तो आता कपाटातून निघंल." तो कपाटातूनच निघाला. दोघं दचकले, ओरडले आणि पोट धरून हसले. आत कोण आहे हे पक्कं ठाऊक असताना माणसं इतक्या मनापासून दचकू शकतात, याचं मला अजून नवल वाटतं. मग मीही अर्थबिर्थ सोडला आणि त्यांच्यात जाऊन बसले.

यंदा उन्हाळ्यात बाबांच्या छातीत दुखलं, स्टेंट बसवावा लागला. जाळं ओढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बाबा तांडेल, होडी त्यांच्या हुकमानं चालते. ते म्हणायचे, "मी सुकाणूवर बसंन, वढतील बाकीचे." आई म्हणायची, "जाळं जड झालं की तुमचा हात गप ऱ्हाईल व्हय?" नारळी पौर्णिमा जवळ येत गेली तसा तो विषय घरात मुक्कामालाच आला. पिक्चर चालू असला की तेवढा वेळ तो बाहेर थांबायचा.

असल्या पिक्चरात "बस, अभी आया" म्हणून जो पोरगा बाहेर पडतो, तो मेलाच म्हणून समजायचं. आई त्याला तिथल्या तिथे हात जोडते आणि म्हणते, "हा गेला." आमच्याकडे मात्र दर्यावर निघालेल्या माणसानं "जातो" म्हणायचंच नसतं, "येतो" म्हणायचं. हे दोन नियम कधी समोरासमोर येतील असं मला वाटलंच नव्हतं.

दर्याला नारळ दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला बाबा निघाले. आईनं डब्याबरोबर गोळ्या बांधून दिल्या होत्या. उंबऱ्यावर ते थांबले, तोंड उघडलं आणि मिटलं. "येतो" काही बाहेर पडेना. तिघांच्याही मनात पिक्चरमधला तो पोरगाच आला असणार.

मग बाबा त्या पोरासारखी मान उडवून म्हणाले, "बस, अभी आया."

आता आई रडणार, असं मला वाटलं. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "हा गेला." दारात अभद्र बोलू नये म्हणून जन्मभर आमच्या तोंडावर हात ठेवणारी ही बाई. दोघंही इतके हसले की बाबांना डबा खाली ठेवावा लागला. मी थक्क होऊन बघत राहिले. एवढी छाती मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही.

होडी दिसेनाशी झाल्यावर आम्ही घरी आलो. आईला जरा बरं वाटेल म्हणून मी टीव्हीचा रिमोट हातात घेतला.

"नको," ती म्हणाली. "ते आल्यावर बघू. एकटीला भ्या वाटतं."

मी तिच्या शेजारीच बसले होते.