पागेतली मावशी

घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका क्लबाच्या पागेत तिला सगळे मावशी म्हणत. तिचा नवरा तिथं मोतद्दार होता, घोड्यांची निगा राखायचा. तो छातीच्या दुखण्यानं गेला आणि मालकांनी त्याच्या जागी तिला घेतलं. बाकीच्या मोतद्दारांना ते खुपलं. बाई चार दिवसांत पळून जावी म्हणून त्यांनी एक काम मुद्दाम तिच्या गळ्यात मारलं: नर घोड्यांची खालची सफाई, म्हणजे लिंगावर साठलेला मळ काढणं. त्या कामाचं कुणी नावही घेत नसे. "मावशी, आज भुऱ्याचं आहे," एवढंच म्हणत आणि तोंड फिरवून हसत.

पण घरी शिकणारी मुलगी होती, पळून जाणार कुठं? जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तिनं डोक्यात पक्कं बसवलं. कोमट पाणी, मऊ फडकं, हातमोजे. झोंबणारा साबण लावायचा नाही, आतली कातडी नाजूक असते. खांद्याजवळ अंगाला लागून उभं राहायचं, एक हात पाठीवर, म्हणजे लाथ नीट बसत नाही. घोड्यानं आपणहून लिंग बाहेर सोडलं तर ठीक, ओढाताण करायची नाही. बिथरलाच तर डॉक्टर गुंगीची सुई देतील. आणि वरचेवर घासायचं नाही, त्यानंही इजा होते.

भुऱ्या खच्ची केलेला घोडा, एरवी गरीब. एकदा काही दिवस तो कुणाला पाठीवर बसू देईना. स्वारी शिकवणारे सर त्याला चाबकानं फोडून काढत. मावशीनं पाहिलं, लघवी थेंबथेंब होतेय. डॉक्टरांना बोलावून घेतलं, त्यांच्यासमोर हात घातला. टोकाशी असलेल्या खोबणीत मळ साठून वाटाण्याएवढा खडा झाला होता. तिनं तो बोटानं हलकेच सोडवला. भुऱ्या पाय फाकवून कितीतरी वेळ मोकळा होत राहिला.

संध्याकाळी भुऱ्यानं स्वार पाठीवर बसू दिला. सर मालकांना म्हणाले, "बघा, आणला की नाही वठणीवर?"

मावशी बादली उचलून नळाकडे गेली.

मुलीचं लग्न बऱ्या घरात झालं. आई क्लबात कामाला आहे, असं मुलीनं सासरी सांगितलं होतं. खोटं नव्हतं, म्हणून मावशीही गप्प राहिली. पुढं स्वारी शिकायला आलेल्या कुणीतरी सफाई करताना तिचं चित्रण केलं, मागून खिदळण्याचा आवाज घालून फोनवर पसरवलं. फिरत फिरत ते जावयाच्या ऑफिसात पोचलं.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली ती चप्पल न काढताच उभी राहिली.

"आई, तुला दुसरं काम मिळालं नाही?"

"याच कामावर तू शिकलीस."

"ते मला ऐकवू नकोस. सासरी मला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. सासूबाई म्हणतात, तुझ्या आईच्या हातचं पाणीसुद्धा नको."

"आणि तू काय म्हणालीस?"

मुलीला सातवा महिना होता. मावशीनं खुर्ची पुढं सरकवली, पण ती बसली नाही.

बाळ झाल्याचं मावशीला शेजारणीकडून कळलं. धुतलेलं लुगडं नेसून ती दवाखान्यात गेली. विहीणबाई खोलीच्या दारातच आडव्या उभ्या. "बाहेरच्या माणसांना नको म्हणालेत डॉक्टर. बाळाला काही लागायला नको." आत कॉटभोवती नणंदा होत्या, सासरच्या शेजारच्या दोघीजणी होत्या. त्यातली एक बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीनं दाराकडे पाहिलं, आईला पाहिलं आणि कूस बदलली. मावशीनं शिवून आणलेली झबली बाकावर ठेवली. जिना उतरताना एका बाईनं मागून धावत येऊन ती पिशवी परत तिच्या हातात दिली. "विसरलात वाटतं, मावशी."

"हो," ती म्हणाली.

त्या आठवड्यात पागेत नवे डॉक्टर आले. बोलका माणूस. ती भुऱ्याजवळ उभी राहून फडकं पिळत होती, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "मावशी, घरी कोण कोण? मुलंबाळं?"

"नाहीत," ती म्हणाली.

जीभ अडखळेल असं तिला वाटलं होतं. अडखळली नाही.